चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वाहनचालक-वर्तन आणि प्रवासनिवड

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वाहनचालक-वर्तन आणि प्रवासनिवड हा वाहतूक मानसशास्त्राच्या कक्षेत येणारा विषय आहे. चालक कोणता वेग निवडतो, कशाला धोका मानतो, प्रवासी कोणत्या वेळी व कोणत्या साधनाने निघतो आणि कधी निघतच नाही, या प्रश्नांचा अभ्यास ही उपयोजित शाखा करते. तिचे बहुतेक सिद्धान्त युरोप, अमेरिका व जपान येथील शहरांत आणि महामार्गांवर तयार झाले. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या या दोन वनजिल्ह्यांत चितळांचा कळप, खनिजाचे ट्रक, रात्रभर नाटक पाहून परतणारे दुचाकीस्वार आणि पाण्याखाली गेलेला ठेंगणा पूल यांची गाठ अनेकदा एकाच मार्गावर पडते. अशा ठिकाणी वाटणारा धोका आणि प्रत्यक्ष धोका यांत मोठे अंतर पडते. या अंतरातूनच येथील अपघातांचे आणि प्रवासाच्या सवयींचे बरेचसे स्पष्टीकरण मिळते.

प्रदेश आणि रस्ते

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनक्षेत्रात मोडतो. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच्या दुपटीहून अधिक (२२,०४,३०७) आहे. तेथे कोळशाच्या खाणी, औष्णिक विद्युत केंद्र, सिमेंट व कागद उद्योग आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प शेजारी-शेजारी आहेत.

चंद्रपूर–मूल–गडचिरोली हा रस्ता दोन्ही जिल्हा मुख्यालयांना जोडतो. चिचपल्लीच्या परिसरात तो वाघांचा वावर असलेल्या जंगलातून जातो. दक्षिणेकडे आष्टी–आलापल्ली–सिरोंचा मार्ग आणि आलापल्लीहून एटापल्ली व भामरागडकडे फुटणारे रस्ते यांवर दक्षिण गडचिरोलीची वाहतूक अवलंबून आहे. रेल्वेचा आधार गडचिरोलीला दीर्घकाळ केवळ वडसा (देसाईगंज) स्थानकापुरता राहिला. त्यामुळे या जिल्ह्यात प्रवास म्हणजे प्रामुख्याने रस्त्याचा प्रवास, आणि पर्यायी मार्ग बहुधा नसतोच.

वेगाची निवड

सामान्य समजूत अशी की चालक धोका ओळखून वेग ठरवतो. संशोधनातून दिसणारे चित्र निराळे आहे. फिनलंडमधील रिस्टो नाटॅनेन व हेइकी सुमाला यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या शून्य-जोखीम सिद्धान्तानुसार चालकाला बहुतांश वेळ धोका जाणवतच नाही. रोज त्याच रस्त्याने जाऊन काहीच घडले नाही की भीतीची सूचना विझत जाते आणि वेग वाढत जातो. कॅनडातील जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ मध्ये जोखीम-समतोलाची कल्पना मांडली. तिच्यानुसार प्रत्येक माणूस जोखमीची एक पातळी मनात धरून असतो, आणि रस्ता किंवा वाहन अधिक सुरक्षित झाले की वेग वाढवून तो पुन्हा त्याच पातळीवर येतो. वाइल्ड यांचा सिद्धान्त पूर्णांशाने मान्य झालेला नाही. सीटबेल्टमुळे वाचलेले जीव त्याच्या टोकाच्या रूपाविरुद्ध साक्ष देतात. आयर्लंडमधील रे फुलर यांची मांडणी अधिक उपयोगी ठरते. त्यांच्या मते चालक जोखीम मोजत नाही, तर वाहन चालवण्याचे काम किती कठीण वाटते ते अजमावतो. काम सोपे वाटले की तो वेग वाढवतो, कठीण वाटले की कमी करतो.

हे तत्त्व जंगलातील रस्त्याला लावले तर एक विपरीत गोष्ट लक्षात येते. खड्ड्यांचा, अरुंद, वळणांचा रस्ता चालकाला जागे ठेवतो. त्याच रस्त्याचे रुंदीकरण झाले, गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट आले, वाहतूक मात्र विरळच राहिली, तर काम अतिशय सोपे वाटू लागते. झाडीतून येणारे जनावर, रस्त्याकडेने चालणारा माणूस आणि दिव्याविना उभी असलेली बैलगाडी पूर्वीइतकीच असते. तिच्यापाशी पोचणाऱ्या वाहनाचा वेग तेवढा वाढलेला असतो. चांगला रस्ता नको असा याचा अर्थ नाही. रस्ता सुधारताना वेगाचा विचार वेगळा करावा लागतो, एवढेच यातून निघते.

वेगाचा परिणाम साध्या गणिताने कळतो. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार साधारण २५ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० वर हे अंतर सुमारे ४५ मीटर होते आणि ताशी ८० वर ७० मीटरच्या जवळ जाते. डिपरवर ठेवलेल्या दिव्याच्या उजेडात गडद रंगाचे जनावर बहुधा ५० मीटरच्या आतच ओळखू येते. म्हणजे ताशी ८० ने जाणारा चालक आपल्या उजेडाच्या पलीकडे गाडी चालवत असतो. समोर काही आले तर ते दिसेल, पण थांबणे त्याच्या हातात उरलेले नसते. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. स्वीडनमधील यॉरान निल्सन यांनी मांडलेल्या घातांक-नियमाप्रमाणे सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात.

वेगातून वाचणाऱ्या वेळेचा अंदाजही माणसे चुकीचा करतात. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. ताशी ४० ऐवजी ५० ने गेल्यास २४ मिनिटे वाचतात. ताशी ८० ऐवजी ९० ने गेल्यास मात्र जेमतेम ७ मिनिटे वाचतात. मनाला दोन्ही वाढी सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत काटा दहानेच पुढे सरकतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी हा भ्रम तपशिलाने दाखवला. त्यांचा आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध आहे. १९८१ च्या त्यांच्या पाहणीत अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के सहभागींनी आपले वाहनकौशल्य अर्ध्याहून अधिक चालकांपेक्षा सरस असल्याचे सांगितले होते.

खेपेच्या हिशेबाने चालणाऱ्या मालवाहतुकीत वेगाचा प्रश्न केवळ स्वभावाचा राहत नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाची वाहतूक वाढल्यापासून एटापल्ली–आलापल्ली–आष्टी मार्गावर अवजड वाहनांची रांग हे नित्याचे दृश्य झाले. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस परिसरात कोळशाच्या ट्रकांची तीच स्थिती जुनी आहे. ज्याचे उत्पन्न खेपांवर ठरते त्याला विश्रांती महाग पडते. ट्रकमागे धुळीत अडकलेला दुचाकीस्वारही दीर्घ प्रतीक्षेनंतर असुरक्षित जागी पुढे जाण्याचा प्रयत्न करतो. मँचेस्टर येथील जेम्स रीझन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये चालकांच्या वर्तनात ‘चूक’ आणि ‘उल्लंघन’ असा भेद केला. चूक नकळत होते, उल्लंघन जाणूनबुजून केले जाते. प्रशिक्षणाने चूक कमी होते. उल्लंघनामागे मात्र मोबदल्याची पद्धत, घाई आणि इतरांचे अनुकरण असते, त्यामुळे ते केवळ प्रबोधनाने हटत नाही.

प्राणी आणि न दिसणे

डोळ्यांसमोर असलेली वस्तू लक्ष दुसरीकडे असल्यास दिसत नाही. डॅनियल सायमन्स व ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगात चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेली गोरिलाच्या वेशातील व्यक्ती दिसली नाही. रस्त्यावर अपेक्षेचा प्रभाव असाच असतो. चालक वाहनांकडे पाहत असतो, आणि जे वाहन नाही ते त्याच्या शोधात नसते.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत प्रत्येक जातीची अडचण वेगळी आहे. चितळ कळपाने फिरते. एक जनावर रस्ता ओलांडून गेले की चालक सुटकेचा श्वास टाकून वेग वाढवतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्यावर आदळतो. रानगवा व अस्वल यांचे अंग इतके काळे की अंधारात त्यांची आकृती उशिरा उमटते. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन टनाच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे लहान मोटारीला अशी धडक जीवघेणी ठरते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) शेतांच्या कडेने अचानक येतात. यांत पाळीव गुरांचीही भर पडते. पावसाळ्यात चिखल व माश्या टाळण्यासाठी गुरे कोरड्या डांबरावर बसून राहतात, आणि दुचाकीस्वाराला वाघापेक्षा हीच गुरे अधिक वेळा आडवी येतात.

‘वन्यप्राण्यांचा मार्ग, वाहने सावकाश चालवा’ असे फलक दोन्ही जिल्ह्यांत ठिकठिकाणी आहेत. अशा फलकांची मर्यादा जुन्या प्रयोगांतून स्पष्ट झाली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे १९७० च्या दशकात उजळणारे, हलत्या हरणाचे फलक लावून पाहण्यात आले. वेग ताशी सुमारे ५ किलोमीटरनेच घटला आणि धडकांमध्ये म्हणावी तशी घट झाली नाही. रस्त्याकडेला खरोखरीचे मृत हरीण ठेवल्यावर मात्र चालकांनी अधिक वेग कमी केला. कायम दिसणारा फलक कालांतराने झाडासारखा परिसराचा भाग होतो. जो इशारा शंभर वेळा दिसतो आणि शंभर वेळा खोटा ठरतो, त्याच्याकडे मन दुर्लक्ष करायला शिकते. म्हणून ठरावीक काळापुरते, प्राण्यांच्या हालचालींशी जोडलेले इशारे कायम फलकांपेक्षा परिणामकारक मानले जातात.

चालकाच्या सावधपणावर विसंबून न राहण्याचे विदर्भातील ठळक उदाहरण पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. तेथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावे यासाठी नऊ बांधकामे करण्यात आली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी या मार्गांचा वापर करताना आढळले. येथे चालकाचा स्वभाव बदललेला नाही, त्याच्यासमोरचा प्रश्नच काढून टाकला आहे. रेल्वेच्या बाबतीत तर चालकाला दोष देण्यात अर्थ नसतो, कारण धावती गाडी दृष्टीच्या टप्प्यात थांबतच नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्ली वनपरिक्षेत्रात गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मरण पावले.

वाघ दिसल्यावर होणारे वर्तन हा स्वतंत्र भाग आहे. बफर क्षेत्रातील रस्त्यावर वाघ आला की वाहने थांबतात, मागची वाहने का थांबली हे न कळताही थांबतात, दुचाकीस्वार उतरून मोबाइलवर चित्रीकरण करू लागतात. गर्दी स्वतःच सुरक्षिततेची भावना निर्माण करते. इतके लोक उभे आहेत, म्हणजे धोका नसणार, असा प्रत्येकाचा तर्क असतो, आणि तो प्रत्येकजण एकमेकांकडे पाहूनच बांधत असतो. वाघाची वाट मात्र दोन्ही बाजूंनी अडलेली असते.

भीतीचे मोजमाप

पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवले की लोक धोक्याची तीव्रता मृत्यूंच्या संख्येवरून ठरवत नाहीत. जो धोका अनियंत्रित, भीषण आणि अनोळखी वाटतो तो मोठा भासतो. जो रोजचा व स्वतःच्या हातात असल्यासारखा वाटतो तो लहान भासतो. वाघाचा हल्ला पहिल्या प्रकारात बसतो, तर मोटारसायकल दुसऱ्या प्रकारात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात रात्रपाळीच्या सुमारास सायकलने घरी परतणाऱ्या कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाठोपाठ दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा जिल्ह्यांत १३ जणांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद करण्यात आला. अशा काळात प्रवासाची पद्धत झपाट्याने बदलते. एकट्याने जाणे बंद होते, शेतावरून दिवस मावळायच्या आत परतणे सुरू होते, सायकल मागे पडते आणि ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याच्या मागे दोघे-तिघे बसतात. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने उत्तर गडचिरोलीत संध्याकाळच्या प्रवासावर असेच सावट आणले.

या बदलाची किंमत नजरेआड राहते. सायकलऐवजी तिघांनी बसून हेल्मेटविना केलेला दुचाकीचा प्रवास वाघापासून वाचवतो आणि दुसऱ्या धोक्याच्या हवाली करतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी अमेरिकेसंबंधी अशीच गोष्ट मांडली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमान टाळून मोटारीने गेलेल्यांमुळे त्या वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत रस्त्यांवर सुमारे ३५० मृत्यू अधिक झाले, असा त्यांचा २००४ मधील अंदाज होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांपैकी महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के होता. चंद्रपूर जिल्ह्यातही रस्त्यावर दगावणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात.

तथापि गावकऱ्यांची भीती अडाणीपणाची ठरवणे चुकीचे होईल. सरासरी आकडा संपूर्ण जिल्ह्याचा असतो, धोका मात्र त्या त्या माणसाचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणाऱ्या किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या स्त्रीला वाघाचा धोका शहरातील नोकरदाराच्या अनेक पट आहे. तिने सोबत शोधणे व उजाडण्याची वाट पाहणे हा हिशेबी निर्णय असतो.

सुरक्षादलांच्या प्रवासात हीच निवड नियमबद्ध झालेली दिसते. भूसुरुंगांच्या धोक्यामुळे माओवादी प्रभावाच्या भागात पोलीस पथके वाहनाऐवजी पायी व आडवाटेने जाणे पसंत करीत आली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात वाहने जाळल्याची वार्ता आल्यावर खासगी वाहनाने निघालेले शीघ्र कृती दलाचे १५ जवान व वाहनचालक जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्युमुखी पडले.

रात्र, झोप आणि झाडीपट्टीची नाटके

दिवाळीनंतर धान कापणी आटोपली की होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक आसपासच्या गावांतून दुचाकी, ट्रॅक्टर किंवा चारचाकीने येतात. कलावंतांची मंडळी पहाटे पुढच्या गावाकडे किंवा घराकडे निघतात.

झोपेशी संबंधित अपघातांचे जिम हॉर्न व लुईस रेनर यांनी ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये केलेले विश्लेषण पहाटे २ व ६ च्या सुमारास आणि दुपारी ४ च्या सुमारास असे अपघात वाढत असल्याचे दाखवते. नाटक सुटण्याची वेळ नेमकी यांपैकी एका काळात येते. त्यात थंडी, धुके आणि प्राण्यांची पहाटेची हालचाल असते. झोपेची डुलकी काही सेकंदांचीच असते, पण ताशी ६० वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर जाते. डुलकी लागण्यापूर्वी चालकाला झोप आल्याचे जाणवत असते, पण थोडेच अंतर उरले आहे या विचाराने तो पुढे जातो. गाणी लावणे, काच उघडणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. थोडी झोप घेणे आणि चहा-कॉफी हे त्यांपेक्षा भरवशाचे उपाय आहेत. नाटकाच्या गावी सोय असेल तिथेच उजाडेपर्यंत थांबण्याची जुन्या बैलगाडीच्या काळातील रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. दुचाकीने ती मोडली.

दारूबंदी आणि सीमेपलीकडचा प्रवास

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू होती आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. प्रवास-वर्तनाच्या दृष्टीने बंदीचे दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. पिणे कमी झाल्याने नशेतील वाहनचालन घटते. उलट जो पितोच तो जिल्ह्याची सीमा ओलांडून पितो आणि परतीचा मोठा टप्पा नशेत कापतो. दारूची उपलब्धता आणि दारूचे ठिकाण या दोन वेगळ्या बाबी आहेत. बंदीवरील वादात दोन्ही बाजू बहुधा पहिलीबद्दलच बोलतात.

पूर आणि ठेंगणे पूल

पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटणे ही पावसाळ्यातील नेहमीची घटना आहे. आलापल्ली–भामरागड मार्गावरील नाले एका रात्रीत रस्त्यावरून वाहू लागतात. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत याच मार्गावरील पेरमिली नाल्यात प्रवाशांसह ट्रक वाहून गेला.

पाण्यातून वाहन घालण्याच्या निर्णयात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, खोलीचा अंदाज. गढूळ पाणी तळ लपवते आणि रस्ता खाली शाबूत असेल असे मन गृहीत धरते. प्रत्यक्षात सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटार सरकवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते. दुसरी, अनुकरण. पुढचे वाहन पार झाले की मागच्याला तोच पुरावा वाटतो, जरी मधल्या पाच मिनिटांत पाणी चढले असले तरी. तिसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा जाणवत नाही, ती म्हणजे थांबण्याची किंमत. नाल्याच्या अलीकडे रात्र काढायला जागा नसते, पाणी केव्हा उतरेल ते सांगता येत नाही आणि पलीकडे घर दिसत असते. घराच्या इतक्या जवळ येऊन परत फिरणे मनाला सर्वांत जड जाते. त्यामुळे पुलावर अडथळा लावणारा माणूस उभा असणे हे सूचनेच्या फलकापेक्षा अधिक उपयोगी पडते. निर्णय चालकाच्या हातून निघून जातो.

साधनाची निवड आणि सवय

आयसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तानुसार माणसाची कृती त्याचे मत, आसपासच्यांची अपेक्षा आणि ती कृती आपल्याला जमेल की नाही याची जाणीव यांवर ठरते. हेल्मेटचे उदाहरण घेता येईल. बहुतेकांचे मत हेल्मेटच्या बाजूनेच असते. पण ४५ अंशांच्या उन्हात गावातल्या गावात जाताना कोणी ते घालत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळणे ही तिथली सर्वमान्य रीत असते. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू नोंदला गेला.

साधनाच्या निवडीत मात्र तिसरा घटक, म्हणजे काय उपलब्ध आहे हा, इतर दोहोंना झाकून टाकतो. दक्षिण गडचिरोलीत एसटीची सकाळची आणि संध्याकाळची फेरी हेच वेळापत्रक असते. मुक्कामी बस गावात येते की तालुक्याला थांबते, यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात किंवा तहसीलमध्ये जाता येईल की नाही ते ठरते. मधल्या वेळी काळी-पिवळी जीप चालते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही. भरणे याचा अर्थ आसनांच्या संख्येइतके असा नसतो. मानव विकास कार्यक्रमातील बसगाड्यांनी शाळकरी मुलींना मोफत प्रवास दिला आणि अनेक घरांत मुलीला आठवीनंतर शिकवायचे का, या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागू झाले. एटापल्ली तालुक्यात गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या मार्गावर १ जानेवारी २०२५ रोजी एसटी सुरू झाली. त्या आधी तेथील लोकांनी बस ‘निवडली’ नव्हती असे म्हणण्याला काही अर्थ नव्हता.

एकदा रुळलेली सवय बदलण्यास बाहेरचा धक्का लागतो. जपानमधील ओसाका येथे द्रुतगती मार्ग आठ दिवस बंद राहिला तेव्हा सातोशी फुजी व सहकाऱ्यांना आढळले की मोटारीने जाणाऱ्यांनी सार्वजनिक वाहनाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला होता. नाइलाजाने प्रवास केल्यावर त्यांचे मत बदलले. विदर्भात धक्का उलट दिशेने बसला. नागपूर–नागभीड ही अरुंद मार्गाची गाडी रूंदीकरणासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली. त्यानंतर साथीच्या काळात बससेवा खंडित झाली आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. अशा काळात कर्ज काढून दुचाकी घेणाऱ्याचा पुढचा हिशेब बदलतो. गाडी दारात उभी असते, हप्ता द्यावाच लागतो, म्हणून बस पुन्हा सुरू झाली तरी तिचे तिकीट हा जास्तीचा खर्च वाटू लागतो. प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या की ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांचीच अडचण वाढते. त्यांत वृद्ध आणि स्त्रिया अधिक असतात.

प्रसूती व आजारपणाच्या प्रवासात निवडीचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंब सांगितले. निघण्याचा निर्णय घेण्यास होणारा पहिला, दवाखान्यापर्यंत पोचण्यास होणारा दुसरा आणि तेथे उपचार मिळण्यास होणारा तिसरा. पहिले दोन एकमेकांत मिसळलेले असतात. रस्ता चिखलाचा आहे, नाल्याला पाणी आहे, रात्र आहे हे घरच्यांना ठाऊक असते, म्हणून ते सकाळपर्यंत थांबतात. बाहेरून हे औदासीन्य वाटते, पण त्यांनी केलेला तो प्रवासाचाच अंदाज असतो. रुग्णाला खाटेवर घालून खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत नेण्याची वेळ भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील वस्त्यांवर येते, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता जिथे संपतो तिथेच थांबते. राज्याच्या आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनेत गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवले जाते. कळा सुरू झाल्यानंतर घाईने करावा लागणारा प्रवास त्यामुळे टळतो. तरीही घरातील लहान मुले, गुरे आणि शेतीची कामे सोडून आधीच निघायचे की नाही, हा निर्णय त्या घरालाच घ्यावा लागतो.